रात्री अकरा वीसचा वास

रात्रीचे 11 वाजून 20 मिनिटं झालीत. बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात एकेक दार उघडतंय. पाऊस नुकताच थांबलाय, वारा जवळजवळ पडलाय आणि रस्त्याच्या बाजूने नाकात चरचरणारा वास वर येतोय. डोळे चुरचुरतायत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी बाळाला कडेवर घेऊन, त्याच्या तोंडासमोर ओला पंचा धरून उभ्या आहेत.

मोबाइल वाजायला लागतात. ‘आज रात्री 12 ते 3 कंपन्या मुद्दाम गॅस सोडणार आहेत. सर्वांना कळवा.’ हाच मेसेज मला गेल्या पावसाळ्यातही आला होता. तेव्हाही ‘आज रात्री’च होतं.

“पाऊस पडला की सोडतातच,” रिक्षा चालवणारा दादा ठामपणे सांगतो. “सगळं धुऊन जातं, पुरावा उरत नाही.” वरून कुणी म्हणतं, हे बिल्डरांचं काम आहे, लोक कंटाळून घरं विकतील म्हणून. मग कुणीतरी हळूच ‘भोपाळ’ म्हणतं आणि सगळा जिना गप्प होतो.

मला यांना भोळे म्हणवत नाही. 3 जून 2021 च्या रात्री इथल्याच एका कारखान्यातून वायुगळती झाली होती, तेव्हा शिरगावची माणसं तोंडाला रुमाल लावून घराबाहेर पडली होती. डोळ्यांची आग, मळमळ, धाप. तासाभरात गळती आटोक्यात आली, पण तो तास इथे कुणी विसरलेलं नाही. त्याआधी, 29 नोव्हेंबर 2014 ला, उल्हासनगरच्या वडोल गावात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि पहाटे शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. रात्रीचे टँकर ही तोवर ऐकीव गोष्ट होती. ती खरी निघाली. एकदा अशी कुजबुज खरी ठरली, की पुढच्या दहा कुजबुजी लोक तपासत बसत नाहीत.

खालून काका वर येतात. अंबरनाथच्या एका कंपनीत त्यांनी सारी नोकरी बॉयलरवर काढली. ते दोनदा खोल हुंगतात. “कुजक्या अंड्याचा नाहीये. तो असता तर मी आधी तुम्हाला इथून हलवलं असतं. तो गॅस जास्त झाला की नाकच मरतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस पडतो.” मग सांगतात, की रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं, धूर वर जात नाही. दिवसा जेवढं सोडतात तेवढंच रात्री सोडलं, तरी ते आपल्या खिडकीत येतं.

दादा ऐकून घेतो. “पटलं काका. पण मग आज काय सुटलंय, ते सांगत का नाहीत?”

यावर काकांकडेही उत्तर नाही. एक मुलगा मघापासून तक्रारीच्या एका नंबरवर फोन लावतोय, पलीकडे नुसती रिंग वाजतेय. मला वाटतं, सगळं इथेच अडतं. डोळे चुरचुरत असताना कारण माहीत नसणं माणसाला सोसत नाही. उत्तर येत नाही तिथे मेसेज येतो, आणि मेसेजमध्ये निदान कुणीतरी दोषी असतो. भोपाळमध्ये 1984 च्या वायुगळतीच्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता, आणि डॉक्टरांना आपण कशावर उपचार करतोय हे धड कळत नव्हतं. गप्प बसण्याची किंमत एवढी असते.

अफवेचीही किंमत असतेच. मेसेज वाचून एकाने बायको-मुलाला स्कूटरवर बसवलंय, निघालाय मुख्य रस्त्याकडे. काका धावत जाऊन हँडल धरतात. खांद्यावरच्या टॉवेलचा एक दोरा उपसून चिमटीत उंच धरतात. दोरा सावकाश इमारतीकडे झुकतो. “वास तिकडूनच येतोय. पोराला घेऊन त्याच्याच तोंडात चाललायस. मागच्या गल्लीने, आडवा जा.”

साडेबाराला वास विरतो. काकू मला आत बोलावून भिंतीवरचं कालनिर्णय दाखवतात. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, त्याच चौकोनांत बारीक अक्षरं: ‘रा. 10.45, तिखट’. ‘प. 4, डोळे’. ‘रा. 11, वारा नाही’. या महिन्यात अशा सात नोंदी आहेत. जिन्यात कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

शिरगावात, आपटेवाडीत, अंबरनाथला, जिथे कुठे रात्री असा वास येत असेल तिथल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: मेसेज पुढे पाठवण्याआधी तारीख, वेळ, वारा कुठून आणि काय त्रास झाला, एवढं कॅलेंडरवर लिहा. पन्नास घरांची कॅलेंडरं एकाच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टेबलावर ठेवू आणि त्या रात्री काय सुटलं होतं, याचं लेखी उत्तर मागू. आमच्या घरची पहिली नोंद मी आत्ताच केली आहे.