टाचेतील रक्ताचे थेंब आणि अधिवृक्काचा जन्मजात विकार

म्हापसा येथील उत्तर गोवा जिल्हा रुग्णालयात बार्देशप्रमाणेच पेडणे व डिचोली तालुक्यांतील स्त्रियाही बाळंतपणासाठी येतात. प्रसूती सुखरूप झाली की थोड्याच दिवसांत बाळ-बाळंतीण घरी जातात. नेमक्या यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जिवावर बेतू शकणारा एक विकार म्हणजे अधिवृक्क ग्रंथींची जन्मजात अतिवृद्धी होय.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील या ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने कॉर्टिसॉल व आल्डोस्टेरोन ही संप्रेरके बनवितात. पहिले आजारपणाचा ताण सोसण्यास बळ देते, दुसरे शरीरातील मीठ राखते. या कामी लागणारे 21-हायड्रॉक्सिलेझ हे एंझाइम जन्मतः उणे असल्यास पुढील वाट अडते आणि पाट तुंबल्यावर पाणी शेजारच्या वाफ्यात शिरावे, तशी तुंबलेली द्रव्ये पुरुषी संप्रेरकांकडे वळतात.

परिणामी मुलीचे गर्भाशय व बीजांडकोश निकोप असूनही बाह्य जननेंद्रिये मुलासारखी दिसू शकतात. अशा वेळी अंदाजाने मुलगा वा मुलगी असे जाहीर न करता तपासणीची वाट पाहणे इष्ट. विचित्र असे की, ज्या लक्षणाने कुटुंब हवालदिल होते, तेच वैद्यांना सावध करून मुलीचा जीव वाचविते. मुलाच्या बाबतीत असे ठळक चिन्ह बहुधा नसते. तो दूध सोडतो, ओकतो, सुकत जातो. रक्तातील सोडियम घटते, पोटॅशियम वाढते. पोटाचा साधा बिघाड समजून उपचार चालू असतानाच असे मूल दगावू शकते.

अडलेल्या टप्प्यावर साचणारे 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन हे द्रव्य मात्र बाह्य लक्षणांच्या आधीच साक्ष देते. टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन ते मोजण्याची पद्धत 1977 साली प्रसिद्ध झाली. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हे प्रमाण विकार नसतानाही वाढलेले आढळते. म्हणून एका आकड्यावर निर्णय न देता फेरतपासणी करतात. लघवीत उतरणाऱ्या स्टेरॉइडांच्या चयापचयजन्य द्रव्यांचा आलेख काढल्यास कोणते एंझाइम उणे आहे, हेही उलगडते.

गोवा शासनाने 2008 साली नवजात बालकांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक बालके तपासली; तीत सुमारे 5,800 बालकांमागे एकास हा विकार आढळला.

उपचार तसे साधे, परंतु जन्मभराचे: हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आणि तान्हेपणी वैद्यांच्या सल्ल्याने वरून मीठ. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते.

अहवाल येईतो बाळ घरी गेलेले असते. केसपेपरवर सासरचा पत्ता आणि बाळंतीण पेडण्यात माहेरी, असे झाल्यास निरोप पोहोचण्यातच मोलाचे दिवस जातात. म्हणून टाचेचे रक्त घेतेवेळी, पुढील महिनाभर बाळ जेथे राहणार तेथील पत्ता व दूरध्वनी क्रमांक नोंदवावा.