बायपास आणि भूलतज्ज्ञ

नांदेड-लातूरच्या व्यापारी घरात बायपासचा निर्णय झाला, की पहिला प्रश्न असतो सर्जन कोण, आणि दुसरा खर्च किती. खर्चाची चिंता काही घरांपुरती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने हलकी केली. २ जुलै २०१२ रोजी ती ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला ती पुढच्या वर्षी पोहोचली. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. भूलतज्ज्ञाचे नाव मात्र क्वचितच कुणी विचारते. वस्तुतः शस्त्रक्रियेच्या चार-सहा तासांत रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि वेदना यांचा भार त्याच्यावरच असतो.

तो बहुधा आदल्या दिवशी भेटतो आणि किरकोळ वाटणारे प्रश्न विचारतो. दात हलतो का, हाही त्यांतलाच. कारण घशातून श्वासनळीत नळी घालावयाची असते. आपल्या घरांत येथे संकोच आड येतो. सुनेसमोर सासरे तंबाखू कबूल करीत नाहीत, बंद केलेली मधुमेहाची गोळी सांगत नाहीत. अशा वेळी इतरांनी खोलीबाहेर जावे, हे उत्तम. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवावी, हेही डॉक्टरांनीच ठरवावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी तो नियम भूलतज्ज्ञास अवश्य सांगावा. भुलेपूर्वी पोट रिकामे हवे हे खरे. परंतु सूर्यास्तापासून पाणीही न घेतलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया दुपारी झाली, तर शरीर कोरडे पडते. साधे पाणी अनेकदा दोन तास आधीपर्यंत चालते. तिविहारात रात्री पाणी घेता येते, ही सोय अशा प्रसंगी आठवावी.

आणखी एक गोष्ट दडवून ठेवण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन प्रायः डुकराच्या आतड्यापासून मिळते. त्याचा प्रभाव उतरविणारे प्रोटामाइन मूळचे माशापासूनचे. पर्यायी औषध मोजक्याच परिस्थितीत वापरले जाते. ज्यांच्या मनाला हे टोचते, त्यांनी ते आधीच बोलावे. निर्णय रुग्णाचा असावा, मुलांनी परस्पर घेऊ नये.

शुद्धीवर येताना तोंडात नळी असल्याने बोलता येत नाही. हे आधी सांगितले नसेल, तर रुग्ण घाबरून हात झटकतो. नळी बहुधा काही तासांत निघते. अतिदक्षता विभागात एखादे वडीलधारे असंबद्ध बोलू लागतात, मुलांना ओळखत नाहीत, घरचे हादरतात. बहुतेकांत हा गोंधळ काही दिवसांत ओसरतो. चष्मा आणि कानातले यंत्र लवकर परत द्यावे, दिवस कोणता ते शांतपणे सांगावे.

पुढचे काम कंटाळवाणे, पण तेच फुप्फुस वाचविते: तीन चेंडूंचे यंत्र ओढणे, उशी छातीशी धरून खोकणे. वेदना सोसण्यात पुण्य मानून गोळी नाकारणारा खोल श्वास घेत नाही, आणि कफ साचतो.

छातीचे हाड सांधण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर आडतीतले पोते सोडाच, दुकानाचे शटरही ओढू नये. गल्ल्यावर तासभर बसण्यास डॉक्टर त्याआधीही परवानगी देतात. दुचाकीवरून दुकानात जाण्यास मात्र देत नाहीत.