डार्कवेव्हपासून साल्तारेल्लोपर्यंत

लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी यांनी १९८१ साली मेलबर्नमध्ये ‘डेड कॅन डान्स’ हा बँड उभा केला, पुढच्याच वर्षी ते लंडनला गेले, आणि १९८४ मध्ये ‘फोर एडी’ या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. त्या अल्बममध्ये घुमणारी गिटार, पुढे सरसावणारा बास आणि एकसुरी, जड ताल ही डार्कवेव्हची, म्हणजे पंक चळवळीच्या ओसरत्या काळात युरोपात रुजलेल्या उदास छटेच्या संगीतप्रवाहाची, सर्व लक्षणे आढळतात. सहा वर्षांनी आलेल्या ‘आयॉन’ या अल्बममध्ये मात्र गिटारचा तो घुमारा जवळजवळ नाहीसा झालेला आहे आणि त्याच्या जागी चौदाव्या शतकातील नृत्यधून, कॅटलान भाषेतील धार्मिक गीत आणि गजाने वाजवायची जुनी तंतुवाद्ये आलेली आहेत. या बदलाकडे केवळ वेषांतर म्हणून पाहिल्यास त्यातील खरी गोष्ट हातातून निसटते, कारण येथे संगीताचा सांगाडाच बदललेला आहे: एकापुढे एक सरकणाऱ्या स्वरसमूहांवर, म्हणजे कॉर्डवर, उभी असलेली रचना सोडून एक स्थिर आधारस्वर आणि त्यावर चालणारी एकच सुरावट एवढ्यावर गाणे तोलण्याचा हा प्रयत्न आहे.

‘साल्तारेल्लो’ या रचनेत हे काम सर्वांत स्पष्ट दिसते. साल्तारेल्लो हे उड्या घेत नाचायचे इटालियन नृत्य असून त्याच्या काही धुना आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या एका हस्तलिखितात टिकून राहिल्या आहेत. अशा धुनेचे अनेक खंड असतात. प्रत्येक खंड दोनदा वाजतो, पहिल्या वेळी तो अधांतरी थांबतो आणि दुसऱ्या वेळी मूळ स्वरावर येऊन विसावतो. हस्तलिखितात लिहिलेली आहे ती फक्त एकेरी सुरावट. कोणते वाद्य वापरावे, ताल कसा धरावा, साथ असावी की नसावी, याबद्दल ते काहीही सांगत नाही. त्यामुळे ही धून हाती घेणाऱ्या प्रत्येकाला उरलेले अर्धे संगीत स्वतःच ठरवावे लागते, आणि येथेच डार्कवेव्हमध्ये घालवलेली वर्षे या दोघांच्या उपयोगी पडली. तालवाद्यांचा भक्कम, न थकणारा ठेका सुरावटीखाली अखंड चालू ठेवण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. आता त्या ठेक्यावर शोकाऐवजी नृत्याचा भार पडला, एवढाच काय तो फरक.

वाद्यांची निवडही याच दिशेने झालेली आहे. हर्डी-गर्डी या वाद्यात राळ लावलेले लाकडी चाक हाताने फिरवले जाते आणि ते तारांना सतत घासत राहते. काही तारांवर कळा दाबून सुरावट काढली जाते, तर बाकीच्या तारा, तंबोऱ्याप्रमाणे, एकच स्वर अखंड धरून ठेवतात. व्हायोल हे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचे वाद्य असून त्याच्या मानेवर आतड्याच्या तातीचे पडदे बांधलेले असतात, आणि त्याचा आवाज व्हायोलिनपेक्षा सौम्य, किंचित कोरडा असतो. ‘आयॉन’मधील ‘द प्रॉमिस्ड वूम्ब’ या गाण्यात व्हायोलच्या या कोरडेपणामुळे जेरार्ड यांच्या आवाजाभोवती मोकळी जागा राहते, पूर्वीच्या अल्बममध्ये तीच जागा प्रतिध्वनीने भरून टाकलेली असे.

जेरार्ड यांच्या गायकीच्या दृष्टीने ‘द साँग ऑफ द सिबिल’ हे कॅटलान धार्मिक गीत ही अधिक कठीण कसोटी होती. मेलबर्नमधील ग्रीक वस्तीच्या परिसरात वाढलेल्या या गायिकेने शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून, स्वतः घडवलेल्या ध्वनींमध्ये गाण्याची पद्धत विकसित केली होती. सिबिलचे, म्हणजे प्राचीन भविष्यवक्त्या स्त्रीचे, गीत मात्र अंतिम न्यायाच्या दिवसाचे भाकीत सांगते, मायोर्का बेटावरील चर्चमध्ये ते नाताळच्या आदल्या रात्री आजही गायले जाते, आणि २०१० साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंपरेने ठरवून दिलेले शब्द आणि ठरवून दिलेली चाल यांच्या बंधनात जेरार्ड यांचा स्वर अधिक उघडा आणि अधिक निर्भय वाटतो. संपूर्ण अल्बममधील सर्वश्रेष्ठ गायन हेच आहे, असे म्हणण्यास संकोच वाटू नये.

काटेकोर इतिहासाच्या मोजपट्टीने पाहता ‘आयॉन’ला प्रबोधनकालीन म्हणता येणार नाही. मुखपृष्ठावर हिएरोनिमस बॉश यांच्या ‘द गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ या चित्राचा तुकडा आहे, एका गीताचे शब्द स्पेनमधील बरोक काळातील कवी लुइस दे गोंगोरा यांचे आहेत, आणि अल्बमच्या उत्तरार्धात येणारे, पेरी यांनी गायलेले ‘ब्लॅक सन’ तर जुन्या डार्कवेव्हचाच गडद आवाज पुन्हा वर आणते. शतकांची ही सरमिसळ विद्वानांना खटकू शकेल. पण आधारस्वर आणि एकेरी सुरावट यांची शिस्त जेथे पाळली गेली आहे, तेथे वेगवेगळ्या काळांतील हे तुकडे सहज एकजीव झालेले आहेत. पुढे आयर्लंडमधील एका जुन्या चर्चमध्ये पेरी यांनी उभारलेल्या स्टुडिओत ‘इनटू द लॅबिरिंथ’ हा १९९३ चा अल्बम तयार झाला, आणि त्यातील ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ हे आयरिश गीत जेरार्ड यांनी कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गायले.