लस थंड ठेवणारी पेटी निवडताना



लस दिली होती तरी कोंबड्या मेल्या, असे कोणी सांगितले की दोष लगेच लसीवर येतो. अनेकदा लस चांगलीच असते, ती वाटेत तापलेली असते. कोंबड्यांच्या मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस आणि शेळ्यांची पीपीआर लस यांत दुर्बल केलेला पण जिवंत विषाणू असतो. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात तो टिकतो, उष्णतेत मरतो. मेला तरी कुपी दिसायला तशीच राहते. म्हणून लस कोणत्या पेटीतून येते, हे आधी पाहावे.

जव्हारहून खोडाळा किंवा सूर्यमाळच्या बाजूला जायचे तर काही वाट जीपने, पुढे मोटारसायकलने आणि शेवटी पाड्यापर्यंत पायी, असा प्रवास होतो. पेटी या तिन्हीला पुरली पाहिजे.

मोटारीच्या सॉकेटला जोडायची हलकी व स्वस्त पेटी बाजारात मिळते. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो. ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशच खाली जाते. मे महिन्यात जीपमध्ये ४० अंश असतील तर आत २० अंश राहणार. सरबताला ठीक, लसीसाठी ती घेऊ नये.

कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रीज मात्र खरा फ्रीज आहे. बाहेर कितीही ऊन असले तरी तो आत ४ ते ५ अंश राखू शकतो. तो चालू असताना सुमारे ४५ ते ६० वॅट, म्हणजे ४ ते ५ अँपियर वीज ओढतो. मोटारसायकलच्या बॅटरीला हे झेपत नाही. जीप असलेल्या बचतगटाने किंवा सहकारी संस्थेने, दोन-तीन दिवसांचा दौरा असेल तरच तो घ्यावा. बॅटरी उतरू लागताच आपोआप बंद होण्याची सोय त्यात हवीच, नाहीतर घाटात जीप ढकलावी लागेल. मुठी आरपार बोल्टने बसवलेल्या असाव्यात, बांधायला कड्या असाव्यात. सॉकेटमधली पिन खड्ड्यांत निसटते, म्हणून फ्यूज घालून बॅटरीपासून वेगळी पक्की वायर ओढून घ्यावी. झाकणाची रबरी पट्टी तपासायला कागदाची चिठ्ठी झाकणात धरून ओढावी. ती सहज निघाली तर पेटी नको. गाडीत फ्रीजच्या जाळीला पोती टेकू देऊ नयेत.

बहुतेकांना मात्र विजेविना चालणारी, जाड फोमच्या भिंतींची लसवाहक पेटी पुरते. सोबत पाणी गोठवायच्या चार चपट्या बर्फकुप्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीला उतरलेल्या पेटीवरचे तास ४३ अंश उष्णतेत, झाकण न उघडता मोजलेले असतात. पाड्यावर झाकण वीस वेळा उघडते, म्हणून आम्ही निम्मेच तास धरायला सांगतो. मासळीचे थर्माकोलचे खोके एकदा चालेल, पण खडीच्या रस्त्यावर त्याचे कोपरे लवकर फुटतात.

थंडी जास्त झाली तरी नुकसान होते. लाळ्या-खुरकूत आणि आंत्रविषार यांच्या लसी गोठल्या की वाया जातात. म्हणून बर्फकुप्या फ्रीजरमधून काढल्यावर लगेच पेटीत घालू नयेत. बाहेर ठेवाव्यात, आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भराव्यात. लसीच्या कुप्या कागदात गुंडाळून मध्ये ठेवाव्यात आणि शेजारी एक छोटा तापमापक ठेवावा.

नवी पेटी घेतली की पहिल्या फेरीत लस नेऊच नका. पाण्याच्या बाटल्या भरून, मोटारसायकलवर बांधून, नेहमीच्याच वाटेने भर दुपारी जाऊन या. दर तासाला तापमापक पाहा. संध्याकाळी काटा ८ च्या खाली असेल तर पेटी कामाची.

लासोटाची कुपी बहुधा १०० मात्रांची असते आणि एका घरी कोंबड्या आठ-दहा. विरघळवलेली लस बर्फावर ठेवून एक-दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा आदल्या रात्री पाड्यावर निरोप द्या आणि पहाटे कोंबड्या डालग्याबाहेर सोडण्यापूर्वी पोहोचा.

परतल्यावर पेटी पुसून झाकण उघडे ठेवून सुकवावी आणि उंदरांपासून जपावी. रबरी पट्टी ते आधी कुरतडतात.