जन्म हाच गुन्हा?

चोरी झाली की गावाची बोटे आधी पारध्याच्या पालाकडे वळतात, हे मी चुडाव्यात पाहत आलो. ही सवय एकट्या गावाची नाही. तिच्यामागे कायदा आणि शास्त्रही उभे होते.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा हिशेब. न्याय मनूचा, शिक्का साहेबाचा! १८७६ साली इटलीच्या लोंब्रोझोने कवटी-जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा सिद्धांत मांडला. त्याच इटलीत, मुसोलिनीच्या राजवटीत, १९३८ साली रोमला आंतरराष्ट्रीय गुन्हेगारीशास्त्र संस्थेची पहिली परिषद भरली. त्या वेळी सोलापूरच्या तारेच्या कुंपणात माणसे हजेरी देत होती. दुसरी परिषद १९५० साली पॅरिसला झाली. गुन्ह्याची मुळे समाजरचनेत शोधणारा विचारही पुढे या शास्त्रात बळावला.

इथे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगार कायदा आला. तुरुंगाच्या नियमांतील जातिभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. शास्त्राने कवटी मोजणे केव्हाच सोडले. आपण जात मोजणे कधी सोडणार?