कोठार कोणी भरले?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट महाराष्ट्रात नव्याने सांगावी लागत नाही. पंधराव्या शतकातला दुष्काळ, बिदरच्या बादशहाची कोठारे, पंतांनी ती हुकमाविना खुली केली आणि धान्याची किंमत विठू महाराच्या रूपात खुद्द पांडुरंगाने बिदरला नेऊन भरली. कीर्तनात हे आख्यान लागले की आजही डोळे पाणावतात. आधीच्या सुगीत ती कोठारे भरली कोणी, हा प्रश्न मात्र कोणी बुवा घेत नाहीत. कुणा कारकुनाने मापे मोजून, रयतेच्या शिव्या खाऊन ते धान्य आत घेतले असेल. (दुष्काळाची तजवीज म्हणून नव्हे, वसुली म्हणून, हेही खरेच.) त्याहून बऱ्याच आधी कौटिल्याने कोठाराच्या अधिकाऱ्याला बजावून ठेवले होते: निम्मे धान्य प्रजेवरच्या संकटासाठी राखावे, निम्मेच वापरावे आणि जुने काढून नवे भरत राहावे. त्या अधिकाऱ्यावर अभंग कोण रचणार?

आधी तजवीज करणे ही हुशारीची बाब आहे, असे आपण धरून चालतो. मला ती नीतीची बाब वाटते. तजवीज म्हणजे आज समोर बसलेल्याच्या ताटातले थोडे काढून, ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही अशा उद्याच्या माणसासाठी ठेवणे. संकटात धावून जाणाऱ्याला निदान रडणारा माणूस दिसतो. तजवीज करणाऱ्याला कोणीच दिसत नाही, आणि तजवीज फळाला आली तर पुढेही दिसत नाही. उरतो फक्त झालेला खर्च.

या खर्चापायी एक माणूस कसा बदलला, हे ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या चरित्रात पाहायला मिळते. 1873 साली बंगाल-बिहारमध्ये पाऊस फसला. सरकारने वाट पाहिली नाही. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणला, तो गावोगाव पोचवला. या कामाची धुरा टेंपल यांच्याकडे होती. भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. वसाहतीच्या राज्यात असे क्वचितच घडले. बक्षीस काय मिळाले? जवळपास एक लाख टन धान्य उरले, ते तोट्यात विकावे लागले, आणि उधळपट्टीचा ठपका टेंपल यांच्यावर आला. माणसे मेली नाहीत, म्हणजे दुष्काळ एवढा नव्हताच, असा हिशेब मांडला गेला.

तीनच वर्षांनी दख्खनमध्ये दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी 1877 च्या जानेवारीत पाहणीला टेंपल यांनाच पाठवले. धडा गिरवून आलेल्या टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमवर आणले. खडी फोडणाऱ्या गड्याचे पोट एवढ्यावर भरत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. तरी मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी सांगून पाहिले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांची पुण्याची सार्वजनिक सभा मजुरांच्या बाजूने उभी राहिली, गावोगावची हकीकत गोळा करून सरकारदरबारी मांडत राहिली. 1876 ते 78 च्या या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली. टेंपल 1877 सालीच मुंबईचे गव्हर्नर झाले.

मी टेंपल यांना क्रूर म्हणणार नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना वाचवलेल्या जिवांबद्दल खडसावले आणि पुढे वाचवलेल्या पैशांबद्दल बढती दिली, ती क्रूर होती.

ही व्यवस्था फक्त साहेबाची होती, असे समजून सुटका होत नाही. अँड्र्यू हिली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मतदानाचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध केला. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सरकारला मतदार पसंती देतात. आपत्तीपूर्व तयारीवर खर्च करणाऱ्याला काही मिळत नाही, असे त्यांना आढळले. जपानच्या फुदाई गावाचे प्रमुख कोतोकु वामुरा यांनी 1933 ची त्सुनामी पाहिली होती. पुढे त्यांनी हट्टाने साडेपंधरा मीटर उंचीचे पूरद्वार बांधायला घेतले, ते 1984 मध्ये पुरे झाले. एवढे उंच कशाला, म्हणून टीका झाली. 2011 च्या लाटेत आजूबाजूची किनाऱ्यावरची गावे वाहून गेली, फुदाईची घरे वाचली. लोक आभार मानायला वामुरांच्या थडग्यावर गेले. तोवर त्यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

महाराष्ट्राने या बाबतीत एक काम मात्र जगाला दाखवावे असे केले. बहात्तरच्या दुष्काळात, 1973 च्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्या पिढीला खडी, सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो अजून आठवते. पण त्याआधीच, 1965 साली, वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. म्हणून दुष्काळात हाताशी काहीतरी तयार होते. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. उपकाराचा हक्क झाला. आणि पैसा? त्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते मुळात कुठल्यातरी माळरानावरच्या, त्याने कधी न पाहिलेल्या मजुरासाठी. किती जणांना हे ठाऊक आहे?

आता दुसरी बाजू. नियोजन हा शब्द ऐकला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांचेही ऐकले पाहिजे. मुळशीला टाटांचे धरण हे मुंबईच्या विजेचे दूरदर्शी नियोजनच होते. पाण्याखाली जाणाऱ्या जमिनी मावळ्यांच्या होत्या आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून 1921 साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले. धरण झालेच. उद्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटातले काढणे सोपे असते. स्वतःच्या ताटातले काढायचे ठरले की खरी कसोटी लागते.

ती कसोटी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने दिली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी मिळेल. भूमिहीनालाही वाटा असेल. ऊस लावायचा नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊसकाळ सरला की ग्रामसभा पर्जन्यमापकाचे आकडे घेऊन बसते. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, उरेल त्यावर पिके ठरतात. पाऊस कमी असेल तर जास्त पाण्याच्या पिकांचा आग्रह कोणी धरत नाही. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. ज्याची विहीर भरलेली आहे, त्यानेही हे ऐकायचे, इथे या गावाचा मोठेपणा आहे. एरवी राज्यभर आपण पीक हातचे गेल्यावर पैसेवारी पन्नासच्या वर की खाली यावर भांडत बसतो.

शहरांचे तर विचारू नका. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता तासाला 25 मिलिमीटरवरून 50 वर न्यावी, असे सुचवणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 साली तयार होता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. अहवाल अमलात आला असता तरी एवढे पाणी मावले नसते, हे खरे. पण बारा वर्षे तो बाजूला राहिला आणि बुडाल्यानंतर त्याच्यावरची धूळ झटकली गेली. बैल गेला अन् झोपा केला, दुसरे काय! ओडिशाने हे टाळून दाखवले. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. 2013 च्या फायलिन वादळाआधी जवळपास दहा लाख लोक हलवले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

आपल्याकडे माळीण 2014 साली दरडीखाली गेले, तळिये 2021 साली. त्यानंतर दरडींच्या धोक्यातल्या गावांची नावे जिल्ह्याजिल्ह्यांत कागदावर आहेत. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. त्या वाडीचे नाव यादीत नव्हते.

जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा हा सार्वजनिक कागद आहे. पुढच्या ग्रामसभेत तो मागा. त्यात आपल्या वाडीचे नाव आहे का पाहा, आणि नसेल तर पावसाळ्याआधी ते घालून घ्या.