एक्सप्लेनर : क्रिलच्या अंगावर बसणारा 'फुकट्या' पाहुणा कोण?

सुका जवळा म्हणजेच क्रिल, असं अनेकांना वाटतं. पण उस्मानपुऱ्यातल्या आपल्या डब्यात येणारा जवळा ही छोटी कोळंबी. क्रिल दिसायला तशीच, पण वेगळ्या गटातली. ती अरबी समुद्रातही थव्याने राहते.

परजीवी कोण?
'डाजिडे' कुळातले आयसोपॉड. क्रिलसारखेच कवचधारी. कुंडीखाली ओलाव्यात दिसणारे, अनेक पायांचे राखाडी किडे हे त्यांचे लांबचे नातेवाईक.

शिरकाव कसा होतो?
पिल्लू आधी कोपेपॉड या इवल्याशा जीवाला चिकटतं. तिथे वाढून सुटतं आणि क्रिल गाठतं. मादी अंड्यांनी फुगते. चिमुकला नर तिच्याच अंगावर राहतो.

क्रिलचं नुकसान काय?
ती लगेच मरत नाही. पण परजीवी तिच्या शरीरातला द्रव शोषतो. अंड्यांसाठी लागणारी ताकद तिकडे जाते आणि प्रजनन थांबू शकतं. म्हणजे क्रिल जिवंत, पण पुढची पिढी नाही. निळा देवमासा क्रिलवरच जगतो, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा.

आपल्याला धोका आहे का?
नाही. हे परजीवी माणसाच्या शरीरात राहत नाहीत. जवळा नेहमीसारखा निवडा, भाजा आणि बिनधास्त खा.